बंदी माशांची आणि विडीची

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो आणि आपल्या किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते. पहिली तारीख जागतिक आरोग्य संघटनेची, दुसरी माशांच्या विणीच्या हंगामावरून सरकारने ठरवलेली. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी मालवणच्या बाजूला औषधांचं दुकान चालवताना मला दर वर्षी वाटतं, की या दोन तारखांची कुणीतरी गाठ घालून द्यायला हवी.

सध्या होतं ते असं. ३१ मेला आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात फलक लागतो. त्यावर काळ्या फुफ्फुसाचं चित्र असतं. हजर असलेले सगळे उजवा हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतो, चहा होतो. शपथ घेणाऱ्यांत नर्स, शिपाई, केसपेपर काढून बसलेली गरोदर बाई आणि तिची सासू, झालंच तर एखादे निवृत्त गुरुजी. शाळांना सुट्टी असते, म्हणून प्रभातफेरीही नाही. ज्यांनी खरं तर शपथ घ्यायची ते तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आणि खलाशी त्या दिवशी घामाघूम होऊन होड्या वर ओढत असतात, इंजिनं उतरवत असतात, जाळी घरी वाहून नेत असतात. दुसऱ्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत हीच माणसं रिकामी. शाकारलेल्या होडीच्या आडोशाला बसून जाळी शिवायची, पत्ते कुटायचे, पाऊस बघायचा आणि विडी ओढायची. त्या दोन महिन्यांत विडी सोडण्याविषयी बोलायला त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. वर्षाचा कार्यक्रम कालच उरकलेला असतो.

मला या कार्यक्रमांची टिंगल करायची नाही. टिंगल करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे टपरीवर उभे राहूनच ती करतात. सरकारने एवढं केलं, कोण सोडतो तंबाखू? हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तरही आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या आपल्याकडे झाल्या. २००९-१० मध्ये देशातले ३४.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये २८.६ टक्के. महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६. म्हणजे उतरण आहे. ती कशामुळे, हे मात्र सुटंसुटं करून सांगता येत नाही. २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी झाली, २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, २०१६ मध्ये पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापला. रोग्याला चार औषधं एकदम चालू केली आणि ताप उतरला, तर कुठल्या औषधाने उतरला हे डॉक्टरलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

बंदीचा एक परिणाम तर डोळ्यांनी दिसतो. लहानपणी फोंडाघाटातून कोल्हापूरला जाताना लाल डब्यात मागच्या बाकावर कुणीतरी विडी पेटवायचाच. डिझेलचा वास, वळणं आणि विडीचा धूर, या तिन्हींनी मिळून माझं पोट किती वेळा ढवळून निघालं असेल याला गणती नाही. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. एसटीत कुणी विडी काढली तर कंडक्टरच्या आधी शेजारची बाई हटकते. एवढं तरी कायद्याने केलं, आणि तेही कुणाला समुपदेशनाला न बसवता.

पण धूर गाडीतून गेला म्हणजे माणसाच्या छातीतून गेला असं नाही. विडी स्टँडच्या मागे गेली, जेटीच्या टोकाला गेली. ओढणाऱ्याने ती सोडावी म्हणून त्याला हात देणं हे निराळं काम आहे आणि तिथे आकडे एकदम बारीक होतात. कुणाच्याही मदतीशिवाय, केवळ मनाच्या हिय्यावर सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच जण वर्षाअखेर टिकतात. डॉक्टरने तपासताना दोन मिनिटं सांगितलं तर त्यात एखाद-दोघांची भर पडते. दिल्लीतल्या गरीब वस्त्यांमध्ये झालेला एक अभ्यास माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. घरोघरी जाऊन ओढणाऱ्याला एकदाच, साधारण पाव तास समजावलं आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. सहा महिन्यांनी तपासून पाहिलं तर २.६ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहिले होते. ज्यांना जुजबी सल्ल्यापलीकडे काही मिळालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ०.५ टक्के.

हा आकडा मी दुकानात येणाऱ्या एका डॉक्टरांना सांगितला तेव्हा ते हसले. अडीच टक्के! माझं गणित वेगळं आहे. हजार माणसांना प्रत्येकी पाव तास दिला तर पाचाच्या जागी सव्वीस जण सुटतात. वरची एकवीस माणसं म्हणजे आमच्याकडची एक बऱ्यापैकी वाडी झाली. त्यासाठी लागला पाव तास आणि चालायची तयारी असलेला एक माणूस. मी दिवसभर ज्या गोळ्या विकते त्यातल्या कित्येकींचा हिशेब याहून चांगला नाही, पण रक्तदाबाच्या गोळीला कुणी हसत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच पन्नास वर्षं चाललेला अभ्यास आहे. ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. चाळिशीत ज्यांनी सोडली त्यांची त्यातली नऊ वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, साठीत सोडली तरी तीन. एवढी वर्षं पदरात टाकणारी दुसरी कुठली गोळी माझ्या फळीवर नाही.

माझी कुरकुर दुसरीच आहे. या मदतीचा जीव आहे तो परत विचारण्यात. निकोटीन सुटलं की तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोर करते, आठवडाभर माणसाला हैराण करते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरायला लागते. चिडचिड, झोप नाही, बायकोवर ओरडणं, जेवणात लक्ष नाही. घसरणारे बहुतेक जण याच दिवसांत घसरतात. म्हणजे १ जूनला सोडली तर ३ जूनला, ५ जूनला कुणीतरी दारात यायला हवं. आपला कार्यक्रम येतो पुढच्या ३१ मेला.

तक्त्यांची गंमत बघा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती आशाताई एका तक्त्यात भरतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका कुणाला जास्त ते त्यावरून काढायचं. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. कधीच नाही, शून्य गुण. रोज, दोन गुण. आणि मधला एक गुण कुणाला? पूर्वी घेत होता, किंवा आता कधीमधी घेतो. या दोघांची एकाच रकान्यात वर्णी! धोका मोजायला ते एक वेळ ठीक असेल. पण ज्याने वर्षभर दात-ओठ खाऊन विडी लांब ठेवली तो आणि जो लग्नाकार्यात चार ओढतो तो, कागदावर दोघे सारखेच. त्या कागदावरून कुणाला शाबासकी द्यायची आणि कुणाच्या घरी परत जायचं, हे कळणार कसं?

शिवाय आशाताई घरी पोचतात तेव्हा बाप्या माणूस समुद्रावर असतो. त्याची उत्तरं आई नाहीतर बायको देते आणि नवऱ्याची विडी अर्ध्यावर आणून सांगते. स्वतःच्या मशेरीचं तर नावच काढत नाही. तिच्या लेखी मशेरी तंबाखूत मोडतच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी दाताला लावून परसदारी बसायचं. पोट साफ होतं म्हणतात. बाळंतपणातही सुटत नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ मध्ये ओढणारे होते ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के. आपला लढा मुळात धुराशी कमी आणि चिमटीशी जास्त आहे. फलकावर मात्र वर्षानुवर्षं फुफ्फुसच.

आता माझ्या फळीकडे येते. निकोटीनची च्युइंग गमसारखी गोळी, २ मिलिग्रॅमची, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येते. अशा निकोटीनच्या औषधांनी सोडणाऱ्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते, हे जगभरच्या चाचण्यांतून पक्कं झालेलं आहे. २०२२ मध्ये ही औषधं आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आली. पण खेड्यातल्या दुकानात ती धूळ खात पडतात. एका गोळीच्या पैशात विड्या किती येतील याचा हिशेब गिऱ्हाईक काउंटरवरच मनातल्या मनात मांडतं आणि पाकीट परत सरकवतं. जो घेतो तो दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. “वैनीनू, ह्या काय दिलात? माझो घसो जळता, उचकी थांबना नाय!”

असं म्हणत आलेला एक तांडेल होता. पन्नाशी पार केलेला, हातांना जाळ्याच्या दोरीचे वळ, पहिली विडी उठल्याउठल्या, चुळ भरायच्याही आधी. गोळी त्याने पोरांच्या चिकलेटसारखी कचाकचा चावून लाळ गिळली होती. मग मी त्याला काउंटरसमोरच एक गोळी चावायला लावली. सावकाश. जिभेला चुरचुरलं, तिखट लागलं की थांबायचं. गालात, हिरडीला लावून ठेवायची. चव गेली की परत दोनदा चावायची, परत गालात. अर्धा तास पुरते. ती पोटातून लागू पडत नाही, तोंडाच्या कातडीतून रक्तात जाते. गिळली तर फुकट आणि वर उचकी. तंबाखू खाणाऱ्यांना हे एका वाक्यात कळतं. चिमूट गालात धरायची सवय असतेच. विडीवाल्यांना शिकवावं लागतं. आणि आधी पाव तास चहा नको, कारण तोंडात आंबटपणा किंवा चहा-कॉफी असली की निकोटीन शोषलं जात नाही. आपल्याकडे तर कोकम सरबत आणि सोलकढीसुद्धा या यादीत घालायला हवी. पाकिटावर ती छापलेली नाही, छापणाऱ्याने बहुतेक कधी प्यायलेली नसावी.

तो म्हणाला, चहा नको, सोलकढी नको, विडी नको, मग माणसान करूचा काय?

त्याला मी माझी ती दोन तारखांची कल्पना ऐकवली. बंदीचे एकसष्ट दिवस आहेत. तलफ ओसरायला चार आठवडे धरले तरी महिनाभर वर उरतो. समुद्रावर रात्रभर जागायचं नाही, पहाटे गारठ्यात जाळी ओढायची नाही, डिझेलच्या वासात बसायचं नाही. सोडायला याहून चांगला काळ कुठला? त्याने माझ्याकडे, हिला समुद्रातलं काय कळतंय, अशा नजरेने बघितलं. म्हणाला, “समुद्रात इडी संपली की संपली. हय टपरी धा पावलार.” होडीवर चार बंडलं नेली तर चारच असतात. घरी बसलं की मोजदाद राहत नाही. पत्त्यांच्या डावात एकाने पेटवली की चौघे पेटवतात. त्याच्या मते सोडायची तर हंगामात, लांबच्या फेरीला बंडल न नेता.

त्याचं म्हणणं मला अगदीच खोडून काढता आलेलं नाही. आजही माझा कल बंदीच्या महिन्यांकडेच आहे, कारण समुद्रावर फोन लागत नाही आणि मदत लागेल तेव्हा पोचत नाही. पण ज्या बाबतीत तो आणि मी दोघेही बरोबर असू शकतो, तिथे एकाच दिवशी सगळ्यांना एकच शपथ देणारी पद्धत नक्कीच चुकीची असणार. सोडायची तारीख ज्याची त्याने ठरवायची असते.

राष्ट्रीय क्विटलाइनवाले, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारे, नेमकं हेच करतात. १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती मे २०१६ मध्ये सुरू झाली, नंतर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचीही जोड मिळाली आणि मराठीतून बोलायची सोय झाली. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापणं बंधनकारक आहे. तुम्ही कधीपासून ओढता, दिवसाला किती, कधी हात जातो, हे विचारून ते तारीख ठरवायला लावतात आणि मग स्वतःहून फोन करतात. या स्वतःहून केलेल्या फोनातच सगळी मख्खी आहे. दुकानातल्या मुलाने तांडेलाला तो फोन लावून दिला. पलीकडच्या बाईंचं मराठी त्याला पुस्तकी वाटलं, पण सुरमईचा भाव काय चाललाय इथपर्यंत गप्पा गेल्या. पुढच्या आठवड्यात फोन आला तेव्हा तो घरात लाजून कोपऱ्यात जाऊन बोलला, असं त्याची बायको मला सांगून गेली. गावात त्याला अशा कामासाठी आजवर कुणी फोन केला नव्हता.

आता हा क्रमांक विडीच्या बंडलावर दिसतो का? बंडल शंकूच्या आकाराचं, कागद पातळ, छपाई पुसट, चित्र गुंडाळीत अर्धं मुडपलेलं. त्यातही आमच्याकडे कित्येक जण बंडल घेतच नाहीत, चार-पाच सुट्या विड्या घेतात. सुटी सिगारेट आणि विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून मनाई आहे. टपरीवर दोरीला बांधलेला लायटर लोंबकळतोय, बरणीत विड्या मोकळ्या आहेत आणि मनाई कागदावर आहे. सुटी घेणाऱ्याला ना चित्र दिसतं, ना क्रमांक. २०१६-१७ च्या त्या तंबाखू सर्वेक्षणात चित्रांमुळे सोडायचा विचार मनात आला असं सांगणारे सिगारेटवाले जवळजवळ ६२ टक्के होते, विडीवाले ५४. हा फरक काही मनाचा नसावा, कागदाचा असावा, असं मला वाटतं.

आणि पैसा. तंबाखू महाग झाली की ती कमी होते, याला जगात कुठे अपवाद दिसत नाही. आपल्यासारख्या देशांत किंमत दहा टक्के वाढली तर खप साधारण पाच टक्के घटतो. माझ्या सगळ्या गोळ्या, सगळे फलक आणि फोन यांच्यापेक्षा हा उपाय बलवान. अशा वेळी सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटला ४० टक्क्यांच्या रांगेत बसवलं आणि विडीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. विडी वळणाऱ्या बायांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे मलाही मान्य. सोलापूर-सिन्नरकडे हजारो घरं त्यावर चालतात. पण विडी म्हणजे गरिबाची, म्हणून जणू साधी, हा समज यात फुकट पोसला जातो. पानाची विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला जास्त झुरके घ्यावे लागतात, आणि निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड यांत ती सिगारेटपेक्षा तसूभरही मागे नाही. एकीकडे सोडायला फोन करायचा आणि दुसरीकडे स्वस्त करायची, हे कोडं कुठल्याही नर्सला ३१ मेच्या भाषणात सोडवता येणार नाही.

तांडेलाची विडी सुटली का? सुटली, धरली, परत सुटली असं चाललंय. जून सरता सरता एक बारसं आलं आणि तिथे गाडी घसरली. पुढचा आठवडा तो दुकानाच्या समोरून मान खाली घालून जायचा. मग एक दिवस गिऱ्हाईक नाही असं बघून आत आला. आठ-दहा दिवस काढले ते वाया गेले नाहीत, हे मी त्याला दोनदा सांगितलं. बहुतेकांना बऱ्याच खेपा लागतात आणि पुढच्या खेपेला कुठे घसरायला होतं ते ठाऊक असतं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. बारशाला जाऊ नको असं तर मी सांगू शकत नव्हते.

नारळी पौर्णिमेच्या आधी पुन्हा आला. होडीला रंग लागला होता, नखांत तो निळा रंग तसाच. खारं पाणी उडालं तर गोळ्या खराब होतील काय, विचारलंन. पत्र्याच्या डबीत ठेवा, पट्टीतून एकेक काढा, म्हटलं. जास्तीची दोन पाकिटं मागितलीन. होडीवरचो नेपाळी पोरगो माझ्याकडसून मागून खाता, म्हणाला.

“तो किती ओढतो?”

“माझ्यापरास जास्त.”

मग त्याला एकदा इथे घेऊन या, म्हटलं. चावायची कशी ते दाखवते, फोन लावून देते, तिकडे हिंदीत बोलतात. आणि अठरा पुरी आहेत का तेही बघते.